टाकीतला चेंडू

"हे गाणं म्हणायचं नाही," चेअरमन जितेंद्रकाकांनी फर्मावलं. "उद्या महाराष्ट्र दिन आहे, मोर्चा नाही. देशभक्तीपर म्हणा काहीतरी."

संघप्रियाने कौस्तुभकडे पाहिलं. गिटार सावरत तो स्वतःच्या चपला निरखत होता. रंगाच्या रिकाम्या डब्याचा ड्रम करणारी सुरुची तेवढी पुटपुटली, "रॉक बँडने काय बडबडगीत म्हणायचं?"

तिघं गच्चीत आली. नवघरच्या त्या सोसायटीत भर उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर कोण फिरकणार? सराव तिथेच चालायचा. पण आज संघप्रियाच्या गळ्यातून सूर निघेना. तिचा धाकटा भाऊ जीवन काविळीने हॉस्पिटलात होता. काल त्याने तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे झालंय. काका म्हणाले, "टाकी परवाच धुतलीय. पोरं बर्फाचे गोळे खातात, त्याला मी काय करू?" बी विंगची आणखी पोरंही आजारी होती. सगळ्यांनी गोळेच खाल्ले होते का?

तिने चिडून टाकीला लाथ घातली. टाकी धुतली की त्यावर तारीख रंगवायची, ही सोसायटीची पद्धत. परवाची तारीख झळकत होती.

"थांब जरा," सुरुची म्हणाली. "रंग ताजा आणि झाकणावर कोळ्याचं जुनं जाळं? मग धुणारा आत शिरला कुठून?"

झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. तिघांनी जोर लावून ते सरकवलं. वास असा आला की कौस्तुभ मागेच सरला. हिरवट पाण्यावर कबुतराची पिसं तरंगत होती. त्यांच्यात एक टेनिसचा चेंडू होता, त्यावर मार्करने लिहिलेलं 'बी विंग'.

"हा माझा दिवाळीतला सिक्सर," कौस्तुभ कसंबसं बोलला. "किती शोधला होता."

म्हणजे दिवाळीपासून टाकी कोणी धुतलीच नव्हती. फक्त तारीख बदलत होती. संघप्रियाला रडू आलं नाही. कुणाला तरी कडकडून चावावंसं वाटलं.

"घरी सांगू या?" कौस्तुभ म्हणाला.

"घरचे काकांनाच विचारतील. ते टाकी गुपचूप रिकामी करतील, आणि खोटारडे आपण. नाही. सगळ्यांसमोर सांगायचं," संघप्रिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात बँडने ठरलेलं गीत सुरू केलं. एक कडवं झालं आणि सुरुचीचा डबा एकदम धडाडला. संघप्रियाने काकांनी नको म्हटलेलं तेच गाणं सुरू केलं,

"कुलूप तुमचं, तहान आमची,
चूप म्हणालात, जबान आमची!"

"माइक बंद कर रे!" काका ओरडले. माइक बंद झाला. ती तशीच गात राहिली, घसा फाटेस्तोवर. गाता गाता तिने पिशवीतून काचेची बरणी काढली. आत टाकीतलं पाणी आणि तो चेंडू. झाकण उघडून बरणी तिने काकांपुढे धरली.

"टाकी धुतलीय ना, काका? मग एक घोट घ्या."

काकांचा हात पुढे आला नाही. मग बी विंगच्या बायका उठल्या आणि थेट गच्चीकडे निघाल्या. काका त्यांच्या मागे धावले, "अहो, ऐका तर." कुणी ऐकलं नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून इंदूबाई, संघप्रियाची आजी, उठली. या किंचाळण्याला ती रोज नावं ठेवायची. संघप्रियाने मान खाली घातली.

"तुझे आजोबा भीमजलशात असंच गायचे," आजी म्हणाली. "तेव्हा कुठला आलाय माइक? चल, हॉस्पिटलात जाऊ. जीवनला हे ऐकव."

"तिथे हळू म्हणावं लागेल, आजी."

"हळू म्हण. पण हेच म्हण."