रिठ्याच्या पाण्यातला बर्फ

रुचिका आणि निकेशची पहिली भेट भांडणातच झाली होती. महिन्यापूर्वी रुचिकाच्या प्रयोगशाळेतलं जाड स्टीलचं भांडं गळायला लागलं, आणि नालवाडीचा हा फिटर पाना घेऊन हजर झाला.

"मिथेनचा बर्फ? काऊन फेकून राह्यल्या, मॅडम!" तो हसला.

रुचिका चिडली, पण समजावत बसली. थंडगार पाण्यावर मिथेनचा दाब दिला की वायू पाण्यात अडकून बर्फासारखा गोठतो. फक्त दोन-दोन दिवस लावतो. त्याला घाई करायला लावणारं द्रव्य ती शोधत होती. महिनाभरानं आता आठ रसायनं वाया गेली होती. उद्या पैसे मंजूर करणाऱ्या समितीला काही दाखवता आलं नाही, तर तिचं काम कायमचं बंद होणार होतं.

आणि आज, नुसत्या साध्या पाण्यावर, दाबाचा काटा सरसर खाली! तिनं निकेशला फोन लावला.

"परत गळून राह्यलं! कालच दुरुस्त केलं होतं ना तुमी?"

निकेश धावत आला. गळती सांगणारं यंत्र त्यानं प्रत्येक जोडावरून फिरवलं. यंत्र गप्प.

"गळत नाई, मॅडम. आईची आण."

"मग वायू गेला कुठं?"

दोघं एकदमच काचेच्या झरोक्याकडे वाकली... डोक्यावर डोकं आपटलं. आत पांढराशुभ्र बर्फ! चाळीस मिनिटांत? दाब उतरवून रुचिकानं चिमट्यानं तुकडा काढला, काडी लावली — बर्फ पेटला.

"अरे बाप्पा!" निकेश दोन पावलं मागे सरला.

उरलेला बर्फ वितळला, वायू सुटला, तसा भांड्यात फेस वर आला. साध्या पाण्याला फेस? तिनं निकेशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"काल भांडं मीच धुतलं... रिठ्याच्या पाण्यानं. आई चांगल्या साड्या त्यानंच धुते. नंतर एकदाच खंगाळलं."

"पण तुमी काऊन धुतलं? ते माझं काम हाय!"

"तुमचे हात फुटून राह्यले त्या साबणानं... मले पाहवत नाई."

आठ रसायनं हरली आणि रिठा जिंकला — तोही ह्या कारणानं! रुचिकानं नोंदवही उघडली.

"समिती विचारेल, रिठा कुठून आला. काय सांगू?"

"सांगजा... फिटरले मॅडम आवडतात."

ती लालेलाल झाली, आणि तिनं त्याला घरी पिटाळलं — रिठ्याचं पाणी आणायला. नवं पाणी, रिठ्याचे मोजून थेंब. पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा बर्फ! काम वाचलं होतं. तिला रडूच फुटलं.

"आता रविवारी केळझरले आमच्या घरी येजा," डोळे पुसत ती म्हणाली. "आमच्या बाबाले तुमीच सांगजा."

"काय... रिठ्याचं?"

"फिटरचं."

निकेशच्या हातून पाना खणकन पडला. "म्हणजे तुमाले बी...? कधीपासून?"

"महिना झाला," रुचिका म्हणाली. "तुमाले आज कळून राह्यलं!"