एकदाच लिहायचा नंबर

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या टेबलावर दात ठेवले! घाईघाईनं पिशवीतून लॅपटॉप काढताना प्लास्टरचा अख्खा जबडा बाहेर घरंगळला, आणि ती किंचाळायचीच काय ती बाकी राहिली. "घाबरू नका... माझे नाहीत," तो म्हणाला. कॉम्प्युटरवर कवळ्यांची डिझाइनं करायचा तो. तिच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात त्याचं नावच पडलं — कवळीवाला.

मदरबोर्ड जळाला होता. नवा यायला आठवडा लागला, आणि आठवडाभर हा रोज चौकशीला हजर. फोनवर भागलं असतं की! पण नाही, यायचाच. आणि जरा उशीर झाला की हिचा जीव वरखाली व्हायचा.

आज बोर्ड बसला. आता एकच काम उरलं होतं, आणि तेच जिवावरचं. नवा बोर्ड म्हणजे कोरी पाटी. त्यावर लॅपटॉपचा जुना सिरियल नंबर लिहायचा, तोही एकदाच. पुन्हा खोडता येत नाही. आणि त्याचं कवळ्यांचं सॉफ्टवेअर असलं खडूस, की नंबर ओळखीचा नसेल तर दारच उघडत नाही.

"आणि चुकला तर?" त्यानं विचारलं.

"तर आतली सगळी डिझाइनं विसरा."

"अहो, उद्या एका आजोबांना कवळी द्यायचीय. कधीपासून नुसतं दूध पितायत बिचारे... शिव्यासुद्धा धड देता येत नाहीत त्यांना."

ती हसली. लॅपटॉपचं खालचं झाकण तिनं त्याच्याकडे दिलं. "स्टिकरवरचा नंबर वाचा. सावकाश. मी टाइप करते."

"के... सात... नऊ... चार..." पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. "एम... तीन... दोन... सहा."

एंटर दाबायचं बाकी होतं.

"थांबा!" तो ओरडलाच. "मी तीन म्हटलं! तुम्ही आठ टाकलंत!"

"स्टिकर बघा."

त्यानं झाकण डोळ्यांजवळ नेलं. आठच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला... आणि मग काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे नंबर तुम्हाला पाठ आहे?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग मला वाचायला का बसवलंत?"

आता काय सांगणार, कपाळ! ती कानांपर्यंत लाल झाली. "नंबर बसला की काम संपलं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "आणि काम संपलं की तुम्ही... म्हटलं, थोडा वेळ बसाल तरी. मूर्खपणा केला."

"मूर्खपणा माझा," तो पुटपुटला. "मी स्टिकरकडे धड बघतच नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

"आता हेही सांगू?"

तिला हसू आवरेना, आणि भीतीही. "आत्ता तरी तिकडेच बघा. एकेक अक्षर ताडून घ्या."

बोट ठेवून ठेवून त्यानं ताडलं. "बरोबर आहे."

डोळे मिटून तिनं एंटर दाबलं. स्क्रीन काळी झाली... काळीच राहिली. त्यानं नकळत तिचा हात घट्ट धरला. आणि मग उजेड आला. एकामागून एक दातांच्या रांगा उघडत गेल्या.

हात मात्र कुणीच सोडला नाही.

"उद्या," तो चाचरत म्हणाला, "काही न बिघडताच आलो... तर चालेल?"

"या. आणि लवकर या," ती म्हणाली, "आठवडाभर तुमची वाट बघून बघून कंटाळा आलाय मला."