दोन गाण्यांमधली जागा

पवनची कॅसेट संध्याकाळच्या बैहर बसच्या आत परत करायची होती, काम एवढंच होतं. कॅसेट थ्रॅश मेटलची, दहा वर्षं जुनी, पण बालाघाटात नुकतीच पोचलेली. कॉलेजातल्या या मित्राकडे अपूर्वनं ती एकदा ऐकली आणि त्याचं जेवणातलं लक्षच उडालं. गिटारी जिवाच्या आकांतानं धावायच्या आणि ऐन वेगात सगळं एकदम थांबायचं. त्या थांबण्याचंच त्याला वेड लागलं होतं. बाबांना जाऊन वर्ष होत आलेलं. तेव्हापासून घरात हळू बोलायचं, हळू चालायचं. या कॅसेटनं ती शांतता दणकून फोडली, आणि त्याला बरं वाटलं.

गावातला रेकॉर्डिंगवाला भजनं आणि सिनेमाची गाणी सोडून काही भरून देत नसे. मग अपूर्वनं घरगुती रीत धरली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, खोलीतला आवाज भरला जाऊ नये म्हणून दार लावलं, पंखा बंद केला आणि श्वास रोखून बसला. आई किरनापूरला मावशीकडे गेली होती, म्हणजे मध्येच खोकायलाही घरात कोणी नव्हतं. कोरी कॅसेट नव्हती. बाबांनी गायलेल्या भजनांची एक होती, तिची दुसरी बाजू मोकळी. रेकॉर्डिंगचं बटण दबेना, म्हणून त्यानं कॅसेटच्या पाठीवरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला. त्या खाचेतली खुंटी बाबांनी मुद्दाम मोडली होती, आपला आवाज चुकून पुसला जाऊ नये म्हणून. हे त्याच्या टाळक्यात शिरेपर्यंत पवन बसमध्ये बसलाही होता. बाजू चुकली होती. बाबांचा तेवढाच आवाज घरात उरला होता, आणि या शहाण्यानं त्यावर ड्रम बडवून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आई परतली आणि दुपारी टेपजवळ येऊन बसली.

"यांची कॅसेट लाव ना रे. परवा वर्षश्राद्ध आहे... मले आवाज ऐकाचा आहे."

"आई, ते... माह्याकडून..."

आईनं स्वतःच बटण दाबलं.

गिटारी कोसळल्या. आता ही रडणार, म्हणून अपूर्वनं मान खाली घातली. आई जागची हलली नाही. पहिलं गाणं संपलं आणि मधल्या रिकाम्या जागेत कोणीतरी खाकरलं.

"हे... हेच आहेत," आई पुटपुटली.

अपूर्वनं चमकून टेपकडे पाहिलं. नवं भरताना जुनं पुसलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थोडं राहून गेलं असेल, त्यानं मनाची समजूत घातली. दुसरं गाणं संपलं. खुर्ची करकरली. खोलीत कापराच्या तेलाचा वास आला. बाबा गुडघ्यांना लावायचे तो. तिसरं संपलं, आणि अगदी जवळून आवाज आला.

"अपूर्व... हे मघाचं पुन्हा लाव ना."

हे भजनांमधलं नव्हतं. काल बंद दाराआड बाबा इथंच बसून ऐकत होते, आणि शेजारी बसलेल्या अपूर्वला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला भयंकर भीती वाटली. आनंदही झाला, अगदी लाज वाटावी इतका. जिवंतपणी बाबांनी हा धिंगाणा ऐकला असता तर टेपच अंगणात भिरकावला असता.

"आई, बंद करू का?"

"नको... यांले बोलू दे."

ती आवाज वाढवत होती. तिचा पाय ड्रमवर हलू लागला होता. गाणं चालू असलं की ती अस्वस्थ व्हायची, संपत आलं की पुढं सरकायची. शेवटचं गाणं तसंच धावत आलं आणि थांबलं.

"प्रेमलता... एकट्याले करमत नाही. येतेस का?"

अपूर्वनं आईचं मनगट घट्ट धरलं. तिचे ओठ मिटलेले होते, त्यानं नीट पाहिलं. तरी टेपमधून तिच्याच आवाजात उत्तर आलं.

"हौ... येऊन राह्यली."

आणि कोणीतरी लगबगीनं उठताना वाजाव्यात, तशा काचेच्या बांगड्या वाजल्या. अपूर्वच्या मुठीतलं मनगट वर्षभरापासून मोकळं होतं.