वेणीतली सकाळ

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की रत्नागिरीतले सलूनवाले हातावर हात ठेवून बसायचे. शाळांमधलं केशवाचन जवळ आलेलं असायचं आणि त्या दिवसांत कोणी केस कापून घेतले तर शेजारीपाजारी भुवया उंचावत. एखाद्याने चकोट केलेला दिसलाच तर कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा विचारी, "काय हो, तिरुपतीला जाऊन आलात, की घरातलं काही लपवायचंय?"

केशवाचन म्हणजे केसांवरून माणसाचा ताण वाचणं. कल्पना तशी साधी. आपण घाबरलो, काळजीत पडलो की रक्तात ताणाचं एक रसायन वाढतं आणि त्याचा अंश त्या वेळी मुळाशी तयार होत असलेल्या केसात कायमचा अडकून बसतो. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे वीतभर केसात दीडदोन वर्षं साठलेली असतात. पूर्वी त्यातून महिन्याची सरासरी तेवढी कळे. आता यंत्रं केसाचे इतके पातळ काप करू लागली होती की दिवसाचा तास न् तास वेगळा वाचता येई. कागदावर उमटणाऱ्या त्या चढउतारांच्या रेघेला केशलेख म्हणत. पाचवीतल्या प्रत्येक मुलाचा आणि त्याच्या आईवडिलांचा केशलेख काढायचा, हा नियम होऊन सहा वर्षं झाली होती. केस डोक्याच्या मागच्या बाजूने घेत. त्यामुळे कोणी कितीही मोठा असो, त्या खुर्चीत बसला की त्याला मान खाली घालावी लागे.

निनाद कवठेकरने ती अगदी मजेत घातली होती. त्याला कसली भीती? तो वादळ इशारा केंद्रात निवेदक होता आणि त्याच्या शांतपणाचं गावभर कौतुक होतं. समुद्र खवळला की सगळ्या किनाऱ्यावर त्याचाच आवाज घुमे. तो ऐकून लोक घरं सोडत, पण धावाधाव करत नसत. "कवठेकरांचं डोकं म्हणजे बर्फ," असं साहेब चारचौघांत म्हणत आणि निनाद ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. आवडायचं मात्र त्याला फार.

त्याची बायको वैदेही समुद्रातल्या पवनचक्क्यांवर अभियंता होती. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्यामुळे दहा वर्षांच्या शाल्मलीची वेणी घालायचं काम निनादकडे आलं होतं. पहिल्या वर्षी ती वेणी उंदराच्या शेपटीसारखी व्हायची, पण गडी चिकाटीचा. आता तो पाचपेडी घालायचा आणि वर्गातल्या इतर मुलींच्या आया त्याचं नाव काढायच्या. सकाळचा सात ते साडेसात हा वेळ बापलेकीचा. दिवसातला सगळ्यात सुंदर वेळ कोणता, असं कोणी विचारलं असतं तर त्याने बेधडक तोच सांगितला असता.

शाळेत केशवाचन करणाऱ्या डॉ. अर्शिया मुकादम यांनी त्याला निकालासाठी बोलावलं तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी जावं तसा गेला.

"शाल्मली यंदा पोटात दुखतं म्हणून किती दिवस घरी राहिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"अकरा. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मला विचाराल तर त्या गणिताच्या बाई जरा कडकच आहेत."

डॉक्टरांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "सकाळी उठल्यावर सगळ्यांचाच ताण थोडा चढतो. तो शरीराचा नियमच आहे, म्हणून तो मी आधीच वजा केलाय. तरीही हे उरतं. बघा. रोज सात ते आठ. गेली तीन वर्षं. आई घरी असते त्या आठवड्यांत मात्र नाही."

निनाद कागदाकडे बघत राहिला. "मी केस फार ओढतो का हो?" त्याने विचारलं. बिचाऱ्याने अगदी मनापासून विचारलं.

"केस ओढल्याने दुपारपर्यंत पोट दुखत नाही. त्या वेळात तुम्ही तिच्याशी काय बोलता?"

"काही नाही. असंच, इकडचं तिकडचं."

डॉक्टरांनी दुसरा कागद पहिल्याच्या खाली ठेवला. ती निनादची स्वतःची रेघ होती. सकाळी सातपर्यंत ती उंच होती आणि आठच्या आत उतारावरून घसरावी तशी खाली येत होती. वर मुलीची रेघ चढत होती, खाली बापाची उतरत होती. रोज.

आणि मग त्याला आठवलं, आपण काय बोलतो ते. वैदेहीला बोटीतून पवनचक्कीवर चढायला लागते ती शिडी किती निसरडी आहे ते. स्वतःच्या मानेतली गाठ, जी त्याने वैदेहीलाही सांगितली नव्हती. आणि दोन वर्षांपूर्वीची पूर्णगडची ती संध्याकाळ, जेव्हा त्याने इशारा द्यायला दहा मिनिटं उशीर केला आणि दोन माणसं परत आली नाहीत. चौकशीत तो सुटला होता. पण त्या दहा मिनिटांत आपण नुसते गोठून बसलो होतो, हे त्याने जगात एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, तेही केस विंचरता विंचरता. तिची पाठ त्याच्याकडे असायची. तिला काय कळतंय, असं त्याने धरलं होतं. त्याला त्या खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही," तो म्हणाला. आवाज शांतच होता, आणि आता त्याला त्या शांतपणाचीच लाज वाटली.

"ते दिसतंय मला. पण तुम्ही मन मोकळं करता, कवठेकर, आणि ती ते घेऊन शाळेत येते. मोठ्या माणसाला काळजी सांगितली तर तो निदान काहीतरी सुचवतो, नाहीतर विसरून जातो. मुलांना काळजी पुरती कळते, पण उपाय त्यांच्या हातात नसतो. मग ती नुसती सांभाळून ठेवतात." डॉक्टरांनी दोन्ही कागद त्याच्या हातात दिले. "उद्यापासून तिला काही सांगू नका. मोठ्या माणसाला सांगा. बायकोला सांगा. नोव्हेंबरात पुन्हा वाचन होईल. तेव्हाही रेघ अशीच राहिली तर नियमाप्रमाणे शाल्मलीला काही महिने नातेवाइकांकडे ठेवावं लागेल."

"चिपळूणला तिची मावशी आहे," निनाद पुटपुटला. "पण तशी वेळ येणार नाही."

त्या संध्याकाळी वैदेहीचा फोन आला. केशलेखाचं काय झालं, तिने विचारलं. "सगळं ठीक," निनाद म्हणाला. सांगायचं म्हटलं तर गाठ सांगावी लागणार होती, पूर्णगड सांगावं लागणार होतं, आणि हे सगळं आधी कोणाला सांगितलं तेही. दोन्ही कागद त्याने कपाटात कपड्यांच्या खाली ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून तो मुकाट्याने वेणी घालू लागला. फार तर हवेबद्दल बोलायचा, तेही बातम्यांत सांगतात तसं. शाल्मली दोनतीन दिवस गप्प राहिली. मग तिने विचारायला सुरुवात केली.

"आईच्या बोटीचं काय झालं?"

"काही नाही, बाळा. छान चाललंय."

"तुझी गाठ दुखते का रे?"

"अजिबात नाही."

"मग ती पूर्णगडची माणसं..."

"शमू, मान सरळ ठेव."

ती मान सरळ ठेवायची. तिचे खांदे मात्र कानापर्यंत वर आलेले असायचे, आणि निनादला ते आता पहिल्यांदाच दिसत होते. पोटदुखी थांबली नाही, उलट वाढली. आपलं काय चुकतंय हे तिला कळत नव्हतं. बाप रागावलाय इतकंच तिला वाटत होतं. आणि इकडे निनादला घरात, कामावर, कुठेही हलकं वाटेना. साहेबांनी दोनदा विचारलं, "काय कवठेकर, बरं आहे ना?"

नोव्हेंबरातल्या वाचनाच्या दिवशी सकाळी तो कंगवा घेऊन आला, तर शाल्मली स्टुलावर बसलेली होती. केस मोकळे सोडलेले, कमरेपर्यंत आलेले. मांडीवर त्याचं दाढीचं मशीन होतं.

"बाबा, हे सगळे काढून टाक. अगदी मुळापासून."

"काय?"

"केसच नसले तर त्यांना काही वाचता येत नाही. माझ्या वर्गातल्या पूर्वाने सांगितलं. निदान एक सेंटिमीटर तरी लागतो." ती त्याच्याकडे न बघता भराभर बोलत होती. "कपाटातले कागद मी वाचले. नातेवाइकांकडे ठेवायचा नियमही खाली लिहिलाय. मला माहितीये, माझी रेघ वर जाते म्हणून तू बोलत नाहीस. मी खूप प्रयत्न केला ती खाली ठेवायचा, पण कसं करतात ते मला येत नाही. म्हणून केसच काढ. मग मला मावशीकडे पाठवणार नाहीत. आणि मग तू मला परत सगळं सांगू शकशील."

"अगं, तुझी वेणी..."

"केस काय, परत येतात."

निनादने मशीन हातात घेतलं. बटण दाबलं. मशीनची घरघर सुरू झाली, आणि शाल्मलीने आपणहून मान खाली घातली. परत सगळं सांगू शकशील. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचा दगड उतरला, श्वास मोकळा झाला, जीव भांड्यात पडला. जेमतेम दोनतीन सेकंद तसं वाटलं असेल. पण वाटलं. आणि आपल्याला काय वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला त्या खोलीत तोंड लपवायला जागा राहिली नाही. ते हायसं वाटणंही आता त्याच्या केसात मुळाशी लिहिलं गेलं होतं. त्याच्यासमोर वाकलेल्या डोक्यात काय लिहिलं जात होतं, ते वाचायला यंत्र लागणार नव्हतं.

त्याने मशीन बंद केलं. वेणी घातली, साधी तिपेडी. पाचपेडी आज जमलीच नसती.

शाळेत डॉ. मुकादमांनी शाल्मलीचे चार केस कापून नळीत ठेवले आणि त्याला खुर्चीकडे बोट दाखवलं. निनाद बसला. "डॉक्टर," तो म्हणाला, "वाचायच्या आधी मला तुम्हाला काही सांगायचंय. मग वैदेहीलाही. हिला जरा बाहेर बसवाल का?"

पण शाल्मली दाराशी गेलीच नाही. ती त्याच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिने वेणी पुढे घेतली आणि तिचं टोक डॉक्टरांच्या हातात दिलं.

"बाबाचे नका ना घेऊ," ती म्हणाली. "हवं तर माझे जास्त घ्या."

निनादने मान खाली घातली.