कठड्यावरचा जांभळा स्कार्फ

ओटिली वेसेली स्कार्फ विसरली, म्हणून ही गोष्ट घडली.

व्हिएन्नात माणूस छत्री विसरला तर भिजतो, पाकीट विसरला तर ओशाळतो; पण ऑपेराच्या उभ्या जागेवर जाताना स्कार्फ विसरला तर त्याचं काही खरं नाही. उभ्या जागेला, म्हणजे उभं राहून खेळ बघायच्या जागेला, नंबर नसतो. दार उघडलं की धावत जाऊन कठडा गाठायचा, त्याला आपला स्कार्फ बांधायचा आणि मग पडदा वर जाईपर्यंत खुशाल कॉफी प्यायला जायचं. परत याल तेव्हा जागा तुमचीच. तिथे पहारेकरी नाही, पाटी नाही. या शहरानं सम्राट गमावला, साम्राज्य गमावलं, पण दुसऱ्यानं बांधलेल्या स्कार्फला आजवर हात लावलेला नाही.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी ओटिली कामावरून थेट धावत आली, मधोमध एक नामी जागा पटकावली, गळ्याकडे हात नेला... तिथे फक्त गळा होता.

"काही हरवलं का?" शेजारून आवाज आला. बोलणारा उंच होता आणि थंडीनं त्याचे कान लाल झाले होते.

"स्कार्फ. कामावरच राहिला."

"अरेरे!" घरचं कुणी गेल्यासारखं तो म्हणाला, आणि गळ्यातला टाय सोडू लागला. टाय पिवळा होता आणि त्यावर बारीक बारीक बदकं होती.

"अहो, हे काय करताय?"

"तुमची जागा राखतोय. टाय चालतो. नियमाला कापडाशी मतलब."

"हे नियम लिहिलेत तरी कुठे?"

"लिहिले असते तर कुणी पाळले असते का?"

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर केला. या फ्राउ, म्हणजे श्रीमती, होफराट झ्दार्स्की. होफराट, म्हणजे बडे सरकारी सल्लागार, हे त्यांचे यजमान. ते केव्हाच निवर्तले. पण व्हिएन्नात नवऱ्याची पदवी पेन्शनीसारखी बायकोकडे चालू राहते. उभ्या जागांवर बाईंचंच राज्य होतं.

"बदकं!" बाई म्हणाल्या. जरा विचार केला. "असू देत. गाठ मात्र घट्ट बांधा, हेर डॉक्टर."

'हेर' म्हणजे श्रीयुत. तर तो डॉक्टर होता. दातांचा. नाव सेव्हरिन होलुब. समोरच्या कॉफीगृहात, धुरकट आरशाखाली, मलईच्या कॉफीचे दोन पेले मध्ये ठेवून ओटिलीनं आपलीही ओळख सांगितली. ती पॅले ट्राउनेग या हॉटेलच्या स्वागतकक्षात होती.

"ट्राउनेग? मी रोज त्यावरून जातो. आत कधी गेलो नाही. आत कसं आहे हो?"

हा प्रश्न विचारला की ओटिलीचं असं व्हायचं, की कॉफी गार व्हायची. तिनं त्याला तो संगमरवरी जिना सांगितला, ज्यावरून उतरताना लाकडाचा व्यापारीसुद्धा सरदार दिसतो. रेशमी भिंती सांगितल्या, पहाटे भट्टीतून जिन्यापर्यंत चढणारा लोण्याचा वास सांगितला. पलंग असे, की पाहुणे सकाळी उठतात ते गहिवरूनच. आणि पहिल्या मजल्यावरचं ते मोठं दालन, त्याचे ते जांभळे पडदे...

"संध्याकाळचा उजेड त्यातून आला ना, की सगळी खोली जांभळी होते. मला तो रंग वेडच लावतो," ती म्हणाली.

"आणि तिथे झोपायला कसं वाटतं?"

"काय माहीत! दहा वर्षं किल्ल्या देतेय. घेतली एकदाही नाही." मग जरा थांबून, पेल्यातली मलई ढवळत म्हणाली, "पण आता घेणार आहे. आमच्याकडे रिवाज आहे. दहा वर्षं झाली की दोन दिवस पाहुणा म्हणून राहायचं. त्याच दालनात. सगळे आपली सरबराई करणार. सोबत एका माणसाला नेता येतं."

"कुणाला नेणार?"

"अजून... ठरायचंय."

मलई ढवळून ढवळून नाहीशी झाली होती, तरी चमचा फिरतच होता.

पुढचे काही आठवडे छान गेले. ओटिली स्कार्फ आणू लागली, सेव्हरिनचा टाय गळ्यातच राहू लागला, आणि कठड्यावर दोघांचे हात शेजारी शेजारी असत. मध्ये एका बोटाचं अंतर. गायिका वरच्या सुरावर जाऊन थांबली की ते अंतर जरा कमी व्हायचं... टाळ्या पडल्या की पुन्हा होतं तेवढं. खेळ संपल्यावर तो तिला ट्रामपर्यंत पोचवायचा. रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात बर्फ भुरभुरत असायचं आणि राजवाड्याचे घुमट साखर पेरल्यासारखे दिसायचे. दोघांनाही बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यामुळे ते हवेबद्दल बोलत.

मग नाचांचे दिवस आले. या दिवसांत व्हिएन्नात प्रत्येक धंद्याचा स्वतःचा नाचाचा सोहळा असतो: वकिलांचा वेगळा, मिठाईवाल्यांचा वेगळा, धुराडी साफ करणाऱ्यांचाही वेगळा. हॉटेल तुडुंब भरलं आणि ओटिलीची सुटी उशिरा होऊ लागली. पहिल्याच दिवशी ती धापा टाकत पोचली तेव्हा दिवे मालवायला आले होते. तिनं पाहिलं... कठड्यावर सेव्हरिनचा राखाडी मफलर होता. आणि त्याला अगदी लागून एक जांभळा रेशमी स्कार्फ.

बाईचा. नवा कोरा. गाठसुद्धा कशी, फूल बांधावं तशी.

ओटिली मुकाट्यानं मागे खांबाआड जाऊन उभी राहिली. जाऊन विचारावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारणं हा आगाऊपणा. आणि व्हिएन्नातली माणसं आगाऊपणा करण्यापेक्षा दुःख भोगणं पसंत करतात, त्यात निदान संगीत असतं.

स्कार्फवाली आलीच नाही. उभ्या जागांवर मुंगी शिरायला वाव नव्हता, आणि मधोमध एक माणूसभर जागा रिकामी! कुणी तिथे पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या खेळालाही तेच. तिसऱ्यालाही तेच. सेव्हरिन मध्येच मान वळवून दाराकडे बघायचा. एकदा त्याची नजर खांबापर्यंत आली, ओटिलीच्या नजरेला भिडली... त्यानं वाकून नमस्कार केला. तिनंही केला. आणि दोघंही रंगमंचाकडे पाहू लागली.

'बड्या घरची असणार,' ओटिलीनं ठरवून टाकलं. 'बड्या घरच्यांनाच न येणं परवडतं.'

इकडे हॉटेलात हेर क्राटोखविल मागे लागले होते. हे मुख्य व्यवस्थापक; त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलेलं कुणी पाहिलेलं नाही, आणलेलं असेल तर पाहुण्यांच्या बिलात लावलेलं नाही.

"फ्राउ ओटिली, शनिवारी दालन तुमचं. दुसरं नाव द्या."

"देते हो."

"फुलं एकाची ठेवू की दोघांची?"

"फुलांना काय फरक पडतो?"

"फुलांना नाही. स्वयंपाकघरात पैज लागलीय, त्यांना पडतो."

"कसली पैज?"

"मला माहीत नाही," हेर क्राटोखविल म्हणाले. "मी 'दोघं' म्हणून लावलीय."

ओटिली हसली, आणि मागच्या खोलीत जाऊन उगाचच उशांचे अभ्रे मोजत बसली. दहा वर्षं ती या दोन दिवसांची वाट पाहत होती. आता एकटीनं त्या भल्यामोठ्या मेजावर बसायचं, एवढ्या जांभळ्या उजेडात, आणि समोर रिकामी खुर्ची... त्यापेक्षा नकोच तो मान. शुक्रवारी सकाळी हेर क्राटोखविलना सरळ सांगून टाकायचं, दुसऱ्या कुणाला द्या.

गुरुवारी ती ऑपेराला गेली ती हे मनाशी पक्कं करूनच. राखाडी मफलर होता. जांभळा स्कार्फ होता. जागा रिकामी होती. पहिला अंक झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात नायिकेला खोकला लागला, म्हणजे आता ती मरणार हे सगळ्यांना कळलं आणि जो तो सावरून उभा राहिला. ओटिलीला खांबामागून तिचा फक्त डावा हात दिसत होता.

आणि एकाएकी ओटिलीला राग आला. न येणाऱ्या बाईच्या रेशमापायी आपण किती दिवस खांब बघायचा? ती निघाली. माणसांतून वाट काढत, 'माफ करा, माफ करा' म्हणत ती कठड्यापाशी आली, आणि तिनं स्कार्फची गाठ सोडली.

आजूबाजूला जो उसासा उठला तो नायिकेसाठी नव्हता.

"तुमच्या बाई आज येणार नाहीत वाटतं," ओटिली कुजबुजली.

सेव्हरिन समोरच पाहत राहिला. पण त्याचे कान लाल झाले.

"कोण बाई?"

"ज्यांचा हा स्कार्फ आहे त्या."

"आल्यात की. फार उशिरा आल्या... तीन खेळ झाल्यावर."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुमच्यासाठी होता! तुम्हाला उशीर होतो, म्हणून जागा धरत होतो. आणि तुम्ही जाऊन उभ्या राहता खांबामागे! मला वाटलं, माझ्या शेजारी नकोय तुम्हाला."

"अहो, पण स्कार्फ बांधलेला होता! बांधलेल्या जागेवर मी कशी येणार?"

"जांभळा बघून कळेल असं वाटलं. तुम्हीच म्हणाला होतात, हा रंग वेड लावतो."

"मी पडद्यांबद्दल बोलत होते!"

"श्शऽऽ!" मागून कुणीतरी.

"मग सांगायचं नाही का?" ती आणखी खालच्या आवाजात.

"तुम्ही विचारायचं नाही का?"

फ्राउ होफराट झ्दार्स्की पुढे झुकल्या.

"हेर डॉक्टर, रंगमंचावर एक बाई मरतेय, तिला नीट मरू द्या. आणि पोरी, तू आता त्या जागेवर उभी राहा बघू. इतके दिवस नुसत्या रेशमाला ऑपेरा दाखवतोय मेला!"

ओटिली उभी राहिली. जागा खरंच नामी होती. नायिका अख्खी दिसत होती, तिच्या हातातलं फूल दिसत होतं, आणि तो शेवटचा सूर इतका बारीक, इतका लांब, की सगळ्या सभागृहानं श्वास धरला. कठड्यावर एका बोटाचं अंतर होतं... मग नव्हतं. सेव्हरिनची करंगळी तिच्या करंगळीवर येऊन टेकली आणि तिथेच राहिली. टाळ्या पडल्या तरी राहिली. त्यामुळे त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"शनिवारी काय करताय?" ओटिलीनं विचारलं.

"दुपारी एक अक्कलदाढ आहे."

"आणि मग?"

"मग... तुम्ही म्हणाल ते."

शनिवारी दुपारी बर्फ पडत होतं. ट्राउनेगचे लोक एरवी मागच्या दारानं येतात-जातात; पुढच्या दारानं यायचं ते या एकाच दिवशी. रिवाजाप्रमाणे सगळे ओळीनं उभे होते: वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका, पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी. दरवानानं टोपी काढून दार उघडलं. छोटी बॅग घेऊन, जांभळा स्कार्फ गुंडाळून ओटिली आत आली. वर झुंबर होतं, खाली संगमरवर होता. दहा वर्षं ती दारातून येणाऱ्यांचे चेहरे फुललेले बघत आली होती. आज कळलं, का फुलतात ते.

पण ती एकटीच होती.

"येतीलच," ती म्हणाली.

"अर्थात," हेर क्राटोखविल म्हणाले.

वेळ गेला. ओळीतले लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊ लागले. एका आचाऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. पैज बहुधा 'एकटी' अशी लावलेली असावी. ओटिली दाराकडे बघत राहिली. फार लवकर विचारलं का आपण? हॉटेलात बोलावलं, तेही एवढ्या... गळ्याशी एकदम उकडायला लागलं. स्कार्फ सोडावासा वाटला.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून भांडी पडल्याचा आवाज झाला. झुलतं दार ढकलून सेव्हरिन आत आला. केसांत बर्फ, बाहीला पीठ, हातात फुलांचा गुच्छ आणि कान असे, की आता गळून पडतील.

"होतात कुठे?" ओटिलीचा आवाज चिरकला.

"मागच्या दाराशी. केव्हाचा उभा आहे! शेवटी तुमच्या आचाऱ्यांनी आत ओढलं."

"अहो, पण आज मी पाहुणी आहे ना! पाहुणे पुढच्या दारानं येतात."

"हो, ते लक्षातच आलं नाही. मी... मी पाहुणीसाठी आलोच नव्हतो. मी तुमच्यासाठी आलो होतो."

एवढं म्हणून त्यानं फुलं पुढे केली. खोल्या आवरणाऱ्या बायकांपैकी दोघींनी एकदमच डोळ्यांना रुमाल लावले. ओटिलीनं फुलं घेतली, ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आवरेना.

"मला आता 'तू' म्हण," ती म्हणाली. सगळ्यांदेखत. व्हिएन्नात याला साखरपुड्याच्या अलीकडचं स्टेशन म्हणतात.

"बरं... तू," सेव्हरिन म्हणाला, आणि त्या एका शब्दानं त्याचा चेहरा असा उजळला, की हेर क्राटोखविलना झुंबराकडे बघावं लागलं.

मग ते आपल्या मेजामागे गेले. आचाऱ्यांकडे एक थंड नजर टाकून त्यांनी पैजेचा निकाल कळवला, आणि दोन किल्ल्या बाहेर काढल्या.

"मोठ्या दालनाची किल्ली, फ्राउ ओटिली, तुम्हाला. शेजारच्या खोलीची हेर डॉक्टरांना. दोन्हींच्या मध्ये दार आहे. त्याची कडी बाईंच्या बाजूनं आहे."

"मी दार वाजवीन," सेव्हरिन गंभीरपणे म्हणाला.

"कशाला?" ओटिली किल्ली घेत म्हणाली. "कॉफी दोघांची येणार आहे. कडी मी लावणारच नाही."