वाचून लावलेली पानं

"अहो... हे काय करून ठेवलंत?"

ठकीच्या हातातला ग्रंथ दिसायला दृष्ट लागण्यासारखा होता. काळं कापड, घट्ट कणा, कण्यावर सोनेरी अक्षरं – 'बसथांब्यावरील प्रतीक्षाकाळ : एक संख्याशास्त्रीय अभ्यास'. आत मात्र सगळा आनंदीआनंद. निष्कर्ष आधी, प्रस्तावना मधेच कुठंतरी, आणि आलेख तर वाऱ्यावर सोडल्यासारखे.

बाइंडर टेबलामागून उठला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर सुकलेल्या खळीची पांढरी साय. वयानं तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल.

"कुठं चुकलं, मॅडम?"

"कुठं नाही ते विचारा! पहिल्याच पानावर संदर्भसूची आलीय."

"ती पानाची मागची बाजू. तुम्ही पुढची बघा की." त्यानं हलकेच पान उलटलं.

तिनं पान जवळ ओढलं. पेन्सिलीची दाट, तिरपी अक्षरं... तिचीच. तिची गोष्ट.

"आमच्यात एक नियम आहे," तो सांगू लागला, "आकडा ज्या बाजूला, ती पानाची वरची बाजू. छापलेल्या बाजूला आकडे नव्हते. पेन्सिलीच्या बाजूला होते – एक ते बासष्ट, छान गोल करून. मी त्याप्रमाणे लावली."

ती स्टूल ओढून बसली.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक तिची होती, आणि तीही एका वर्षाची. गेल्या साली लिहिण्याच्या नादात तिचा एक विषय राहिला. आई परिचारिका. रागावून आरडाओरडा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ताप मोजावा तशा थंडपणे तिनं सांगितलं होतं, "दोन डगरींवर पाय ठेवलास की माणूस मधे पडतो, ठके. या वर्षी पुन्हा असं झालं तर तुझं लिहिणं बंद. मग रडायचं नाही." ठकीनं मान डोलावली. वहीला खरंच हात लावला नाही. पण प्रबंधाच्या कच्च्या छापील पानांची मागची बाजू... ती काही वही नव्हे ना? आकडे पडताळायला बसथांब्यावर उभं राहून ती पुन्हा माणसं मोजायची, मिनिटं टिपायची; आणि एक बस गेली की दुसरी येईपर्यंत, हाताला लागेल त्या पानाच्या पाठीवर चार ओळी लिहायची. कच्चं बाड आणि पक्कं बाड एकाच खणात, एकसारख्याच लाल फितीत. आज सकाळी घाईत भलतंच उचललं गेलं.

प्रबंध पाचच्या आत द्यायचा होता. घड्याळात दीड. नाही दिला, तर वर्ष गेलं. आणि वर्षाबरोबर लिहिणंही.

तिनं घरी फोन लावला. "आई... माझ्या टेबलाच्या खणात लाल फितीचं बाड आहे. घेऊन येतेस? नंतर सांगते सगळं."

"येते," एवढंच म्हणून आईनं फोन ठेवला. घरापासून इथवर तासभराचा रस्ता.

बाहेर भुरभुर पाऊस. दुकानात खळीचा नि नव्या कागदाचा वास.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या घड्याळवालीचं पुढं काय होतं?"

तिनं चमकून वर पाहिलं. तिच्या गोष्टीत एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई होती. एका गिऱ्हाइकावर तिचा जीव जडलेला. म्हणून त्याच्या घड्याळाचं एक चाक ती दर वेळी किंचित सैल ठेवायची, की आठ दिवसांनी घड्याळ बंद पडावं आणि त्यानं पुन्हा यावं.

"तुम्ही वाचलीत?"

"शिवताना नजर जातेच हो."

"बासष्ट पानं नजर गेली?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आकडे बरोबर आहेत ना, ते बघत होतो..." मग हळूच, "एकोणचाळिसाव्या पानावर सुई बोटात गेली."

तिनं एकोणचाळीस उघडलं. तो माणूस छत्री विसरून जातो, आणि घड्याळवाली दुकानातच, चांगल्या धडधाकट छपराखाली, ती छत्री उघडून बसून राहते – तेच पान. कडेला मोहरीएवढा तांबूस ठिपका.

आजवर तिच्या लिहिण्यावर कुणाचा शेरासुद्धा आला नव्हता. ती त्या ठिपक्याकडे बघतच राहिली.

"पण बासष्टावर गोष्ट अडलीय," तो म्हणाला. "त्याला कळतं का शेवटी?"

"माहीत नाही. शेवट सुचलाच नाही."

"म्हणजे मी असा टांगलेलाच राहू?"

"राहा की! बाइंडरचं काम शिवायचं. शेवटाची चौकशी कशाला?"

"शेवट असल्याशिवाय कणा बसत नाही, लेखिकाबाई."

लेखिकाबाई! घरात हा शब्द टोमण्यासारखा यायचा. इथं तो सरळ आला, नावानं हाक मारावी तसा.

आई पावणेतीनला आली. पदराचं टोक भिजलेलं, हातात लाल फितीचं बाड. बाइंडरनं ते घेतलं आणि मान खाली घालून कामाला लागला. पानं ठोकून सारखी केली, भोकं पाडली, दोरा मेणावरून ओढला. आईची नजर टेबलावरच्या काळ्या ग्रंथाकडे गेली. तिनं तो उघडला. पहिलं पान. दुसरं. मग पिशवीतून चष्मा काढला.

दुकानात फक्त दोऱ्याचा सूंऽ सूंऽ आवाज.

"हे कधी लिहिलंस?"

"दोन बसच्या मधे..."

"आणि अभ्यास?"

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मान वर न करता बाइंडर म्हणाला, "मावशी, दोन्ही बाजू भरल्यात. एकही पान कोरं नाही."

"तुम्हाला विचारलं का मी?"

"नाही, मावशी."

"मग दोरा ओढा."

"हो, मावशी."

आईनं गोष्टीचा ग्रंथ पिशवीत घातला. "निकाल लागेपर्यंत हे माझ्याकडे. आणि घरात एक ओळ जरी खरडताना दिसलीस ना, ठके..." पुढचं तिनं नजरेनं सांगितलं, आणि बस गाठायला निघून गेली.

साडेचारला प्रबंध तयार झाला. कापड अजून दमट होतं. त्यावर बाइंडरनं तळहातात मावेल एवढी एक वही ठेवली. कापलेल्या कागदांच्या कडांची, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली.

"परीक्षा संपायला चाळीस दिवस म्हणालात ना? चाळीस पानं आहेत. रोज एकच. घरात नाही, बसथांब्यावर. बाकी सगळा दिवस अभ्यासाचा."

"आणि तुम्हाला एवढी काळजी का?"

"मला?" तो दोरा गुंडाळत राहिला. "मी टांगलेला आहे ना..."

धावतपळत तिनं पाचला सात मिनिटं कमी असताना प्रबंध दिला. परतीच्या बसची वाट बघताना वहीचं पहिलं पान लिहिलं –

*अभ्यासाच्या घरी शब्द हा पाहुणा,*
*बसा म्हणते क्षणा, रोज त्याला.*

चाळीस दिवस पाहुणा वेळेवर आला आणि वेळेवर गेला. त्या इवल्याशा पानावर पाच-सहा ओळींच्या वर काही मावायचंच नाही. मग एकेक ओळ दिवसभर मनात घोळायची, सूत्रं पाठ करता करता नको ते शब्द गळून जायचे. पूर्वी लिहायला बसली की उठायची नाही. आता उठणं शिकली, आणि नवल असं, की त्यानं लिहिणंही सुधारलं. बस बाइंडरच्या दुकानावरून जायची. खिडकीतून तो हात वर करायचा. शेवटच्या दहा दिवसांत तर बोटांनी आकडा दाखवायचा – नऊ... पाच... दोन... शेवटच्या पेपरच्या दिवशी नुसती मिटलेली मूठ. तीही बसमध्ये मूठ मिटून बसली, जणू आत काही जपून ठेवलंय.

पुढं दीड महिन्यानं निकाल लागला. सगळे विषय सुटले, राहिलेलाही. आईनं गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी घातली. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "त्या घड्याळवालीचा शेवट कुठंय गं?"

"आई?"

"दुपारच्या सुट्टीत वाचून दाखवत होते. आमच्या वॉर्डातल्या सगळ्याजणी जीव खातायत माझा. लिहिला असशील तर दे. नसशील तर लिही, आणि मग पाठव कुठल्या मासिकाला. कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

ठकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं टेबलाच्या खणातून कात्री घेतली.

दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा पुन्हा भुरभुर होती. ओली छत्री टेबलाला टेकवून तिनं त्याच्यापुढं सुट्या पानांची चळत ठेवली.

"वही सुटली तुमची. कच्चं काम."

त्यानं दोरा उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला. "हा टाका तुटलेला नाही... कापलाय."

"असं?" ती खिडकीबाहेर बघू लागली. "शिवून द्या."

"पानांवर आकडे नाहीत."

"नाहीत. वाचून लावा."

तो वाचू लागला. एकेक पान उचलायचा, थांबायचा, जागा शोधून ठेवायचा. चाळिसावं पान हातात आलं तसा त्याचा हात थबकला. त्यावर गिऱ्हाईक घड्याळवालीला सांगत होतं – 'चाक कधी सैल पडलंच नाही. इतकी चांगली कारागीर होतीस तू, की तुला वाईट काम जमलंच नाही. दर आठव्या दिवशी घरी बोट लावून घड्याळ मीच थांबवायचो...'

पाऊस पत्र्यावर टपटपत होता. दोघंही एकमेकांकडे न बघता एकाच पानाकडे बघत होते.

"किती दिवस लागतील शिवायला?" तिनं विचारलं.

"आठ."

"आणि मग पुन्हा सुटली तर?"

"आठ दिवसांनी सुटेल," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, "असाच टाका घालतो."

ती हसली, आणि भर पावसात बाहेर पडली. थांब्यापर्यंत पोचते तोवर केस चिंब झाले. तेव्हा तिनं वळून पाहिलं.

खिडकीत तो मान खाली घालून पानं लावत बसला होता. चांगल्या धडधाकट छपराखाली... तिची छत्री डोक्यावर उघडून.