सर्वांत सुबक सील

सुज्ञ वाचकहो, एका नखाएवढ्या वस्तूपायी एका तरुणाचा प्राण कसा गेला, हे पुढे यथाशक्ती निवेदन करीत आहे. पुरावा सारा आपल्यासमोरच मांडलेला आहे. अपराधी आपणच ओळखावा.

शिखरावरील हवामान-ठाण्याचा निरीक्षक दारापासून वीस पावलांवर गोठलेला सापडला. वादळाची चाहूल लागताच घंटा वाजवणारा संगणक-खोका त्या दिवशी मुकाच राहिला होता.

तपास-अधिकारी बाई तो खोका घेऊन तो बनवणाऱ्या कारखान्यात आल्या. झाकणावरील लाखेचे सील त्यांनी सर्वांसमक्ष फोडले. आतील मायक्रोकंट्रोलर, म्हणजे खोक्याचा मेंदू, साध्या जातीचा निघाला. असा मेंदू कडाक्याच्या थंडीत एकदा झोपला की पुन्हा उठत नाही.

"याची निवड कुणाची?"

"माझी," अभियंता म्हणाला. "पण मी उणे चाळीस अंशांत टिकणारा निवडला होता. इथे बनलेल्या सातही खोक्यांत तोच बसवला."

"निवडला म्हणे!" चाचणी-मास्तर कडाडले. ते अभियंत्याचे सासरे. मृत निरीक्षक त्यांचा एकुलता एक मुलगा. "माझी तीस वर्षांची पारखलेली चिप चारचौघांत टाकाऊ ठरवलीस. आणि ही तुझी अक्कल!"

"मामा, तुमच्या लेकीची शपथ, मी नाही हो!"

"शपथा कोठडीत घ्या, जावईबापू," कारखान्याचे मालक म्हणाले. "कागदावर सही तुमची आहे."

बाई मास्तरांकडे वळल्या. "हा खोका तुम्ही तपासलात?"

"सातही तपासले. शीतपेटीत, उणे तीसला. बंद करून पुन्हा चालू केले."

"हा चालू झाला?"

"पहिल्या झटक्यात. मालक समोर उभे होते."

मालकांनी मान डोलावली.

"आणि सील?"

"नंतर मी एकट्यानं केलं. लाखेवर माझाच अंगठा. मधे कुणाला हात लावू देत नाही."

बाईंनी फुटलेले सील उचलून मास्तरांसमोर धरले.

"मास्तर, हा मेंदू शीतपेटीत उठलाच नसता. म्हणजे तेव्हा आत दुसरा होता. सील तर मी फोडेपर्यंत अखंड होते. अदलाबदल चाचणीनंतर आणि सीलपूर्वी झाली. तेवढ्या वेळात खोका फक्त तुमच्या हातात होता."

मास्तरांनी अभियंत्याकडे बोट दाखवले.

"तो खोका इथल्या गच्चीवर लागायचा होता. हिवाळ्यात बंद पडला असता, याचं नाक कापलं गेलं असतं. एवढंच हो!"

"मग तो शिखरावर कसा गेला?"

उत्तर मालकांनी दिले. "तुमच्या मुलानंच बदलून घेतला. म्हणाला, बाबांचं सर्वांत सुबक सील याच्यावर आहे, मी हाच नेणार."

"तुम्हाला हे कधी कळलं?" बाईंनी मास्तरांना विचारले.

"तो खोका घेऊन शिखरावर गेल्यावर चौथ्या दिवशी."

"तेव्हा थंडी पडली होती?"

"नव्हती."

"ठाण्यावर बिनतारी संच होता?"

"होता."

"मग?"

"बोललो असतो तर नाक माझं गेलं असतं. वाटलं, यंदा थंडी बेताचीच पडेल."

अभियंत्याने सासऱ्यांकडे पाहिले नाही. तो बायकोला कळवायला बाहेर गेला.

जबानीखाली सही करायची होती. मास्तरांनी सवयीने अंगठा टेकवला. ठसा सुबक उठला.

येथवर सोबत केलीत, याबद्दल वाचकांचा ऋणी आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला नम्र,
अण्णा वायरमन